तुम्ही विचारलंत म्हणून: त्या घरी जाऊन बोलायचं काय?

मयताच्या घरी भेटायला जाणं आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण आत्महत्या झालेल्या घराच्या उंबऱ्यापाशी पाय अडखळतो. माझा दादा असा गेला, हे माहीत असलेले लोक म्हणून मला विचारतात, "तिथं जाऊन बोलायचं काय?"

आधी एक सांगते. "कामून केलं असं?" हे विचारू नका. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात मातीला आलेला जो तो हेच विचारत होता. पंचनाम्याला आलेल्या पोलिसांनी विचारलं, तलाठ्यानं विचारलं. शेतकरी असा गेला तर सरकार १ लाख रुपये देतं, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं लागतं. दादाचं देणं बिगरपरवान्याच्या माणसाचं. प्रकरण अपात्र झालं. मायनं तो शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"अपात्र म्हंजी त्याला काई तरास नव्हता, असं म्हनतेत का?"

वहिनीचा भाकरी थापता हात थांबला. तवा धुरावला, तरी कुणी उठलं नाही.

एकाच कारणानं कुणी जात नाही, हे मला आता कळतं. पण तेव्हा घरातला प्रत्येक जण रात्री एकेक कारण शोधायचा आणि त्यात स्वतःला उभं करायचा. मी दिवाळीला माहेरी गेले नव्हते. आबा त्याला चारचौघांत बोलले होते. वहिनीला तर तेराव्याच्या पंगतीत, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, बायकांनी बोल लावला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. "पाप केलं त्यानं" म्हणणारेही होते. अहो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंसुद्धा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच धरायला सांगितलंय.

त्या दिवसांत मला झोप नसायची. आता तसं कुणी भेटलं, की मी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर लिहून देते. मराठीत बोलतात, रात्री-बेरात्रीही, पैसे लागत नाहीत. मागे राहिलेल्या माणसांसाठीही तो आहे.

आणि तेराव्यानंतर जा. तोवर घर भरलेलं असतं, मग एकदम ओस पडतं. गेलात की त्याचं नाव घ्या. आमच्याकडे महिनाभर कुणी दादाचं नाव उच्चारलं नव्हतं.

मृगाचा पाऊस पडला आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त न विचारता ट्रॅक्टर घेऊन आला. सोयाबीन पेरून दिलं. मित्राला सुतक नसतं, त्याच्या घरी कुणी भेटायला जात नाही. तोवर आमच्याही ध्यानात आलं नव्हतं, की याचंही माणूस गेलंय. संध्याकाळी ओसरीवर बसला, हाताची माती चोळत.

"माय, त्या दिशी त्याचा फोन आला व्हता. म्या उचलला न्हाई."

मायनं चहा बशीत ओतला, त्याच्यापुढं सरकवला.

"म्या तर घरातच व्हते की रे."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "शाळेत असताना त्यानं एकदा..." आणि माय त्याच्याकडं सरकून बसली. दिवेलागण होऊन गेली तरी दोघं दादाचंच बोलत होते.