मला काही उणे नाही

गेल्या शुक्रवारी चर्चच्या महिला मंडळाची प्रार्थना आमच्या घरी होती. शेवटची प्रार्थना माझ्याकडं होती आणि मी ती केली, चांगली चार-पाच मिनिटं केली, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, पाळकसाहेबांच्या घरासाठी, देशासाठी, कुठं अडखळले नाही, आणि आमेन झाल्यावर दोघी-तिघी म्हणाल्या पण की किती छान शब्द येतात गं तुला. मी चहा टाकायला आत गेले. आलं किसता किसता लक्षात आलं की त्या पाच मिनिटांत मी देवाशी एक शब्दही बोललेले नाही. तोंड चालू होतं आणि डोक्यात एवढंच होतं की पोहे जास्त वेळ भिजले, आता लगदा होणार. किसणी हातात तशीच राहिली, बाहेरून कुणीतरी विचारलं मदत करू का, मी म्हणलं नको, झालंच.

त्या दिवसापासून हे डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी चर्चमध्येच वाढलेली बाई. आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती, आई संडेस्कूल घ्यायची, मी पण घेतलं दहा वर्षं. रविवार चुकवत नाही, दशांश वेळेवर देते, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, शुक्रवारचा उपास असतो, प्रभुभोजनाला पांढरी साडी. कुणी मला विचारलं की तुझं आध्यात्मिक जीवन कसं चाललंय तर मी पटकन सांगेन की देवाच्या कृपेनं बरं चाललंय, आणि ते सांगताना मी खोटं बोलतेय असं मला वाटणारसुद्धा नाही. हेच भयंकर आहे खरं तर. पाप केलं तर टोचतं, रात्री झोप येत नाही, कुणाशी तरी बोलून मोकळं व्हावं वाटतं. हे टोचतच नाही. देव नकोसा झालाय असं नाही, देवाची आठवणच येत नाही, आणि आठवण येत नाही हेही कळत नाही कारण देवाचं काम रोज चालूच असतं.

मला देवाची आठवण, म्हणजे जीव कासावीस होऊन आठवण, शेवटची कधी आली होती ते मात्र पक्कं सांगता येतं. ऑगस्ट २०१९.

आम्ही तेव्हा शामरावनगरात राहायचो. सांगलीत तसा फार पाऊस नव्हता, पाणी वरनं येत होतं, कोयनेतनं आणि वरच्या सगळ्या भागातनं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोक्याची पातळी, एवढं सांगलीतल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही म्हणत राहिलो की २००५ ला इथपर्यंत आलं नव्हतं, आता कशाला येतंय, आणि म्हणता म्हणता जिना बुडायला लागला. मग आम्ही चौघं आणि वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब, सगळे गच्चीवर. लाईट गेलेली, मोबाईल दुसऱ्या दिवशी बंद पडले, टाकीतलं पाणी जपून जपून वापरलं तरी तिसऱ्या दिवशी तळाला गेलं आणि त्यात गाळ होता. चारी बाजूला नजर जाईल तिथपर्यंत पाणी आणि प्यायला घोटभर नाही. सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो, त्यांनी बिसलेरीच्या एका बाटलीचा ताबा घेतला होता. बाटलीचं टोपण भरायचं, एकेकाला द्यायचं, पोरांना दोन टोपणं. स्वतःच्या वेळेला त्या टोपण ओठाला लावून तसंच परत बाटलीत ओतायच्या, ते मी बघितलं होतं, बोलले नाही. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, लग्नकार्यात भाताला काढतो ते, त्याच्या तोंडाला आईंचं जुनं सुती लुगडं बांधून आम्ही ते गच्चीच्या मधोमध ठेवलं होतं पावसाची सर येईल म्हणून, आणि सर येत नव्हती. आभाळ नुसतं भरलेलं.

त्या रात्री मी प्रार्थना केली. पातेल्याशेजारी बसून, समोरच्या पत्र्यावर कुणाचं तरी कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकत होतं, लांब कुठंतरी म्हैस ओरडत होती, आणि मला एकसुद्धा छान शब्द सुचला नाही. प्रभू, पाणी. प्रभू, ये. एवढंच. कितीदा म्हणलं असेन काय माहीत. लहानपणी संडेस्कूलला बायबलातलं बेचाळिसावं स्तोत्र पाठ करून घेतलं होतं, हरिणी पाण्याच्या प्रवाहासाठी लुलपते तसा माझा जीव तुझ्यासाठी लुलपतो म्हणून, त्यातला लुलपणे हा शब्द तेव्हा कुणालाच कळायचा नाही, आम्ही पोरं त्यावर हसायचो. त्या रात्री त्या कुत्र्याकडं बघताना तो कळला. आणि खरं सांगते, देव इतका जवळ होता की मागं वळून बघितलं असतं तर दिसला असता. पहाटे सर आली. पातेलं निम्मं भरलं. दुपारनंतर बोट आली. ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेल्याची बातमी आम्हाला विश्रामबागला दिराच्या घरी पोचल्यावर कळली, तेव्हा आई भिंतीला धरून खाली बसल्या.

पुढचं थोडक्यात. चिखल काढला, फर्निचर फेकलं, मदत मिळाली थोडी, कर्ज काढलं थोडं, रंग दिला, फ्रीज नवा, वॉशिंग मशीन नवी, फिल्टर बसवला. चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवानं कसं वाचवलं ते सगळ्यांना सांगितलं, रडले पण. आणि मग हळूहळू सगळं जागेवर आलं.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो, पाणी वाढतंय म्हणल्यावर आदल्या दिवशीच सामान वर चढवलं, कागदपत्रं पिशवीत, गाडी काढली आणि विश्रामबागला. सगळं व्यवस्थित पार पडलं. परवा मी आठवून आठवून बघितलं की त्या पुरात मी प्रार्थना केली होती का. केली असेल, जेवणाआधीची. मला आठवत नाही. तेच पाणी, तेच गाव, तीच बाई.

हे सगळं वर यायला अजून एक कारण झालं. आमच्या चर्चमध्ये सध्या प्रकटीकरणातल्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, सात मंडळ्यांवर, म्हणजे सात गावांतल्या चर्चना लिहिलेल्या पत्रांवर, संदेश चालू आहेत आणि पोह्यांच्या त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी लावदिकीयाची पाळी होती. कोमट मंडळी. तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार. लहानपणापासून ऐकलेलं, आणि नेहमी एकाच पद्धतीनं ऐकलेलं की उष्ण म्हणजे आवेशी विश्वासी, थंड म्हणजे अविश्वासी. पाळकसाहेबांनी वेगळं सांगितलं, आणि बरेच अभ्यासक पण असंच मांडतात. लावदिकीया आत्ताच्या तुर्कस्तानात, डेनिझ्ली गावाजवळ, तिचे अवशेष आहेत अजून. जवळच हेरापलीला गरम पाण्याचे झरे, लोक अंग शेकायला जायचे. दुसरीकडं कलस्सै, तिथलं पाणी गार, प्यायला चांगलं. गरम पण कामाचं, गार पण कामाचं. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून दगडी नळांतनं आणावं लागायचं, आणि त्या नळांत क्षार साचून साचून आतली वाट बारीक झालेली आहे, ते नळ आजही बघायला मिळतात. गाव श्रीमंत, बँकवाले, काळ्या लोकरीचा व्यापार, डोळ्याच्या औषधासाठी नाव, सगळं होतं, स्वतःचं पाणी तेवढं नव्हतं. आणि इ.स. ६० मध्ये भूकंपात गाव पडलं तेव्हा त्यांनी रोमकडनं मदत न घेता स्वतःच्या पैशानं परत बांधलं, हे रोमन इतिहासकारानं, टॅसिटसनं, लिहून ठेवलंय.

मी बाकावर बसून आमचा नवा फ्रीज बघत होते डोळ्यापुढं. आपत्ती आली, आम्ही उभे राहिलो, आता आमचं बरं चाललंय. उभं राहण्यात काही पाप नाही, घर तर बांधावंच लागतं. पण बांधून झाल्यावर ते लोक काय म्हणाले ते सतराव्या वचनात आहे आणि ते पाळकसाहेबांनी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी श्रीमंत आहे, मी धन मिळवले आहे, व मला काही उणे नाही.

मला काही उणे नाही. हे आपण कुठं म्हणतो? तेविसाव्या स्तोत्रात. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. आईंनी गच्चीवर टोपण वाटताना प्रत्येक वेळी हेच म्हणलं होतं, पुटपुटत, पोरांना चिडवल्यासारखं, आणि तेव्हा बाटलीत चार बोटं पाणी होतं. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, दोन्हीकडं तोच शब्द, उणे. वाक्य जवळजवळ तेच. फक्त पुढचा मेंढपाळ गळालाय. मी त्या शुक्रवारपासून शोधत होते की माझ्यात नेमकं काय बिघडलंय, कुठलं पाप, कुठली सवय, मोबाईल जास्त होतोय का, आणि बिघडलंय हे की मी तेच वाक्य म्हणतेय पण अर्ध्यातनं.

मग काय, परत पूर मागायचा का? एका साक्षीत मी एकदा ऐकलं होतं, प्रभू, मला संकट दे म्हणजे मी तुझ्याजवळ राहीन. मला ते त्या दिवशी पण पटलं नाही आणि आज तर नाहीच. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर उभं राहून कुणी असं म्हणून दाखवावं. आणि दुसरं म्हणजे, आता विचार केल्यावर वाटतं, मी गच्चीवर देवासाठी तहानले होते का पाण्यासाठी? प्रामाणिक उत्तर, पाण्यासाठी. देव आला, ही त्याची दया, तो पाण्याच्या निमित्तानं पण येतो, बायबलातल्या शोमरोनी बाईकडं विहिरीवर आलाच की. पण ती बाई घागर तिथंच ठेवून गावात पळाली. मी घागर भरून घेऊन घरी आले.

साताऱ्याला माझी नणंद असते, तिच्याकडं गेले की मला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक हमखास आठवतात. त्यांची गाणी आपण दर रविवारी म्हणतो, तोंडपाठ आहेत, म्हणूनच बहुतेक त्यातली आग लागत नाही आता. पण माणूस बघा. १८९५ ला बाप्तिस्मा, घरदार तुटलं, बायको काही वर्षं लांब, मग ती पण आली, मिशनमध्ये काम, मान, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. १९१७ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार म्हणून सुरू केलं, ख्रिस्ताचे होऊ बघणारे सगळे एकत्र यावेत, मग बाप्तिस्मा झालेला असो नसो. दोन वर्षांत, १९१९ ला, गेले. पूर नव्हता, भूकंप नव्हता, महिन्याचा पगार चालू होता. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं होऊन गेल्यावर माणसाला अजून हवं होतं. मी पण चाळिशी ओलांडली आणि मला वाटत होतं की ओढ, तळमळ हे तरुणपणीचं, संजीवन सभांमधलं, युथ कॅम्पमधलं, नंतर माणूस स्थिरावतो. स्थिरावणं म्हणत होते मी त्याला.

आई आता ऐंशीच्या पुढं आहेत. जत भागातल्या, दुष्काळात वाढलेल्या, डोक्यावरनं पाणी आणलेल्या. पहाटे साडेचारला उठून खुर्चीवर बसतात, पुस्तक मांडीवर, दिवा नाही लावत, डोळ्याला दिसतच नाही आता. मला इतकी वर्षं वाटायचं की वय झालंय, झोप येत नाही म्हणून बसतात. सोमवारी मी पण उठले आणि त्यांच्याजवळ खाली बसले. बराच वेळ गेला, काही होईना, मला आपलं दूधवाला, डबा, मोटर लावायची हेच. शेवटी विचारलं, आई, तुम्हाला रोज वाटतं का हो, देव जवळ आहे असं?

"न्हाई गं. रोज कुटलं."

मग?

"बसायचं. कुनी लांब गेलं असलं की आपन दारात बसत न्हाई व्हय."

चार दिवस झाले मी बसतेय. सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. गच्चीवरचं ते जवळ असणं आलेलं नाही. पण बुधवारी बसल्या बसल्या एकदम रडू आलं, कशासाठी ते कळलं नाही, कुणाची तरी फार दिवसांनी आठवण येते तसं, आणि त्या रडण्यात मला बरं वाटलं कारण आठवण आली म्हणजे मेलेलं नाहीये. प्रकटीकरणाच्या त्याच तिसऱ्या अध्यायात पुढं आहे ना, मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे, आपल्या प्रत्येकाच्या घरी त्याचं कॅलेंडर असतं. ते मी नेहमी बाहेरच्या लोकांसाठीचं वचन समजत आले. ते लावदिकीयाच्याच पत्रात आहे. मंडळीला लिहिलंय. आत गाणी चालू होती आणि तो बाहेर होता.

उद्याची प्रार्थना पलीकडच्या गल्लीत आहे. सेक्रेटरी बाईंचा आत्ता फोन आला, शेवटची प्रार्थना तूच कर, तुला चांगली येते. मी म्हणलं ताई, करते, पण दोनच शब्दांची होईल बहुतेक, आणि तेवढे पण आले नाहीत तर आपण सगळ्या थोडा वेळ गप्प बसू, चालेल का. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या बरं, चालेल, आणि येताना तुझं ते मोठं पातेलं घेऊन ये, या वेळी बायका जास्त आहेत.