डावा पाय

आज पहाटे पळताना तिसऱ्या मैलावर दम लागला आणि नकळत तोंडातून मोजणी सुरू झाली. लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट-राइट-लेफ्ट. मग सवयीने सैन्यातल्या दौडीच्या गाण्याची पुढची ओळ हाकारली आणि उत्तरासाठी थांबलो. उत्तर कुठून येणार? रस्त्यावर मी एकटाच होतो. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

अमेरिकन सैन्यातलं माझं बेसिक ट्रेनिंग साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला झालं. दहा आठवडे. बाकी बरंच पुसट झालंय, पहाटेची ती दौड मात्र नाही. मिट्ट काळोख, काळे टी-शर्ट आणि तुकडीच्या डाव्या अंगाने पळणारा, कॅडेन्स म्हणजे पावलांच्या तालावरचं गाणं म्हणणारा. तो ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. शब्द डाव्या पायावर पडला पाहिजे. कूच करताना मिनिटाला 120 पावलं, पळताना 180. पण आकड्यांपेक्षा छातीला जे कळतं ते महत्त्वाचं. ओळ म्हणायची तर श्वास सोडावाच लागतो, आणि सगळे एकदम सोडतात. तोंड मिटून पळणारा हमखास आधी ढेपाळतो.

ही गाणी आली कुठून, हे मला फार उशिरा कळलं. 1944 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकमला एक थकलेली तुकडी पाय ओढत परतत होती. विली डकवर्थ नावाच्या एका कृष्णवर्णीय शिपायाने चालता चालता मोजणीला चाल लावली, आणि बघता बघता पावलं सरळ झाली. तिथले कमांडर कर्नल लेंट्झ यांनी ती चाल उचलून धरली आणि ती सगळीकडे पसरली. तेव्हाच्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला तो 1948 मध्ये. ज्या गोऱ्यांच्या रांगेत डकवर्थला उभं राहता आलं नसतं, त्या रांगाही पुढे त्याच्याच तालावर चालल्या. हे आठवलं की आजही गळा दाटून येतो.

सगळ्या ओळी चांगल्या नसतात. काही बायकांबद्दल घाणेरड्या आहेत. आमचे ड्रिल सार्जंट त्या म्हणू देत नसत, आणि ते बरोबरच होतं. अभिमान वाटायला कुणाला खाली पाडावं लागत नाही.

सातव्या आठवड्यात सार्जंटनी मला रांगेतून बाहेर काढलं. "आज तू म्हण." ओळी पाठ होत्या, पण घसा कोरडा पडला. पहिलीच ओळ उजव्या पायावर पडली. रांग विस्कटली, मागच्यांच्या पायात पाय अडकले. कुणी हसलं नाही. कडेच्या रांगेत टेक्सासचा एक पोरगा होता, माझ्या बंकच्या वरचा. तो काही न बोलता डावा पाय मुद्दाम जोरात आपटू लागला. धप्. धप्. मी त्या पायावर कान ठेवला, दोन पावलं सोडली आणि ओळ टाकली. माझे उच्चार होते तसेच होते. पण उत्तर आलं ते असं, की आपण दमलोय हेच विसरून गेलो. नंतर त्याला थँक्स म्हणालो तर तो बुटाची नाडी बांधत राहिला, वर पाहिलंसुद्धा नाही.

त्याच्याही आधीची, दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ आहे. मी रांगेतून गळालो होतो. गुडघ्यांवर हात टेकून रस्त्याच्या कडेला वाकलेला, डोळ्यांपुढे अंधारी. गाणं दूर जात जात जवळजवळ विरलं. आणि मग ते पुन्हा मोठं व्हायला लागलं. मागे पडलेल्यांना घ्यायला अख्खी तुकडी वळसा घालून उलटी येत होती, एकही ओळ न चुकवता. माझ्या शेजारून रांगा जाऊ लागल्या, कुणाचा तरी तळहात पाठीवर बसला, कुणीतरी बाजूला सरकून जागा केली. पायांनी ताल धरायच्या आधीच तोंडाने ओळ धरली होती.