आमची वाटचाल : चार माग, कोटा आणि उसवलेली लेबलं

अण्णांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार माग टाकले तेव्हा एक्स्पोर्ट कशाशी खातात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढे मुंबईच्या एका मर्चंट एक्स्पोर्टरचं, म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन परदेशी पाठवणाऱ्याचं, काम मिळालं, आणि मग कळलं की नुसता माल चांगला असून भागत नाही, कोटा लागतो. कॉटन टेरी टॉवेल (फासे असलेले, अंग पुसायचे) अमेरिकेच्या कोट्याच्या यादीत कॅटेगरी 363 मध्ये, वर्षाला ठरलेले नगच जाणार आणि त्यातला बराचसा कोटा आधी ज्यांनी माल पाठवलाय त्यांनाच. ज्याने कधी पाठवलाच नाही त्याने सुरुवात करायची कुठून? कोटावाल्याला नगामागे प्रीमियम द्यायचा, दुसरं काय. अण्णा वैतागायचे, विणायचं आपण आणि कमवायचं कागदवाल्याने.

1 जानेवारी 2005 ला कोटा उठला. आम्हीही आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा सरकारी कोड, काढला, थेट पाठवायला लागलो. मोठ्या मिलवाल्यांनी भाव पाडले ते वेगळंच.

आमची खरी माती झाली ती नंतर, आणि ती माझ्यामुळेच. अमेरिकेची घाईची ऑर्डर होती, माग कमी पडत होते, म्हणून एका व्यापाऱ्याकडून ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, टेरी कापड घेतलं, इथे डाय केलं, कटिंग-शिलाई केली, मेड इन इंडिया लेबल लावलं. मला वाटलं इथे शिवलं म्हणजे इथलंच. पण अमेरिकेचा नियम 1996 पासून असा आहे की कॉटन टॉवेलचा देश म्हणजे कापड जिथे विणलं तो देश, रंग-शिलाई धरतच नाहीत. बायरने यार्नची बिलं आणि लूमचं रजिस्टर मागितलं, मी व्यापाऱ्याला फोन केला तर तो सहज म्हणतो, अहो ते तर बाहेरून आलेलं कापड! नशीब, माल अजून गोडाऊनमध्येच होता. चार दिवस शिलाईच्या बायका छोट्या कात्र्या घेऊन लेबलं उसवत बसल्या, फरशीभर पांढऱ्या पट्ट्या, शेवटी तो लॉट लोकल मार्केटला पडेल भावात काढला आणि ऑर्डर नव्याने विणून दिली, तीही एअरने, म्हणजे नफा सोडा, खिशातले गेले.

तेव्हापासून प्रत्येक लॉटची फाइल असते. यार्नचं बिल, बीम (ताण्याचा रूळ) नंबर, कुठल्या मागावर कुठल्या तारखेला, सगळं. 2022 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू झाला, त्यांची 5 टक्के ड्युटी शून्य झाली, तेव्हा सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनला, म्हणजे माल कुठल्या देशाचा त्या दाखल्याला, हीच फाइल कामाला आली. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची जादा ड्युटी 50 टक्क्यांवर नेली तेव्हा एकाने सुचवलं, दुबईतून फिरवून पाठवा. म्हटलं बाबा, विणलंय सोलापुरात, दुबईला नेऊन काय दुबईचं होणारे का. आणि वर, तेव्हाच्या नियमाने असा फिरवलेला माल पकडला तर त्यावर 40 टक्क्यांची वेगळी ड्युटी लागायची.

अण्णा आता कारखान्यात फारसे येत नाहीत. आले की मात्र लॉटची फाइल आधी मागतात, चहा नंतर.