जू, चाक आणि आस

गेले काही दिवस डोक्यात 'जू' हा शब्द घोळतोय, बैलांच्या मानेवर ठेवतात ते. संस्कृतात युग, ते प्राकृतात झिजत झिजत आपल्याकडे जू झालं, आणि लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक, आणि तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर सापडलेल्या हित्ती भाषेत युकान. अर्थ सगळीकडे तोच, कारण या सगळ्या भाषा एकाच घराण्यातल्या, इंडो-युरोपीय म्हणतात त्याला! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता चाक. संस्कृत चक्र, ग्रीक कुक्लोस, इंग्रजी व्हील. व्हील लांबचं वाटतं, पण इंग्रजीच्या जर्मानिक शाखेत जुन्या क चा ह झाला (लॅटिनमध्ये शंभर म्हणजे केन्तुम, इंग्रजीत हंड्रेड), जुन्या इंग्रजीत व्हीलच्या सुरुवातीला तो ह ऐकू यायचा. मूळ धातू फिरण्याचा, त्याचं पहिलं अक्षर दोनदा घेऊन शब्द बनवलाय, आपण गरगर म्हणतो ना, तसंच काहीसं.

आणि इथेच काळाचा अंदाज लागतो. चाकाचे सगळ्यात जुने पुरावे इ.स.पू. ३५०० च्या आसपासचे, म्हणजे या घराण्याची मूळ भाषा बोलणारी, चाकाला एकच शब्द वापरणारी मंडळी तेव्हा अजून फार पांगली नव्हती. पण हित्तीत चाकाला हुर्कि म्हणतात, वेगळाच शब्द! जू सामायिक, चाक नाही. म्हणून बरेच अभ्यासक मानतात की ती शाखा गाडी यायच्या आधीच फुटून निघाली असावी. हे मला फार सुंदर वाटतं, दोन शब्दांवरून घराणं कधी विभक्त झालं ते समजतं.

बाकीचे पसरले कुठून, तर काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून, मला तरी हेच पटतं. २०१५ मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवरून तिथल्या याम्नाया नावाच्या प्राचीन पशुपालक लोकांचे वंशज मोठ्या संख्येने युरोपात गेल्याचं दिसलं.

आणि एक, संस्कृत ही या सगळ्यांची आई असं लोक अजून फॉरवर्ड करतात. नाही हो, बहीण आहे. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशानेच म्हटलेलं की या भाषांचा उगम एकच, आणि तो कदाचित आता उरलेलाही नसेल.

शेवटचा शब्द आस, चाकांमधला दांडा. संस्कृत अक्ष, लॅटिन आक्सिस, आणि तिकडे बाल्टिक किनाऱ्यावर लिथुआनियनमध्ये आजही अशिस.