इचिंग होतंय म्हणजे नेमके काय होतंय?

ठाण्यात पावसाळा लागला, कपडे धड वाळेनासे झाले, की औषधांच्या दुकानांत 'इचिंगवर काहीतरी द्या' ही मागणी सारखी कानावर पडते. चारचौघांत 'खाज' म्हणायला जीभ रेटत नाही आणि त्या शब्दाला खुमखुमीचाही वास येतो, म्हणून हा इंग्रजी शब्द सोयीचा ठरला असावा. गंमत अशी की इंग्रजीत 'इच'लाही अनावर इच्छेचा अर्थ आहेच.

जर्मन वैद्य सामुएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केलेली व्याख्या आजही वापरली जाते : खाजवण्याची इच्छा जागी करणारी अप्रिय संवेदना. वेदना झाली की आपण हात मागे घेतो, खाज सुटली की हात तिथेच जातो. नखांनी होणारी किंचित वेदना मज्जारज्जूत खाजेचा संदेश दाबते, म्हणून क्षणभर बरे वाटते. पण त्वचा दुखावून दाह वाढतो आणि खाज पुन्हा सुटते.

डास चावल्यावर किंवा अंगावर पित्त उठल्यावर येणारी खाज मुख्यतः शरीरातच सुटणाऱ्या हिस्टामिन या द्रव्यामुळे असते, त्यामुळे ॲलर्जीच्या गोळीने ती बहुधा शमते. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली तर मात्र तिच्यातले म्युक्युनेन हे द्रव्य वेगळ्याच मार्गाने खाज उठवते, आणि तिथे त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

एकाच 'इचिंग'खाली हे सारे दडते, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. जांघेत किंवा कमरेवर गजकर्ण असताना दुकानदार जी मिश्र मलमे पुढे करतो, त्यांत अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने दाह ओसरतो, खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि तिची गोल कड पुसट झाल्याने डॉक्टरांनाही ती ओळखणे अवघड जाते. मुळात २०१८ पासून स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. पुरळ नसताना सर्वांगाला येणारी खाज कधी यकृताच्या, कधी मूत्रपिंडाच्या विकाराचीही असते, तिथे मलम काय करणार?

म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आधी विचारतात की खाज रात्री वाढते का, बोटांच्या बेचक्यांत आहे का, घरात आणखी कोणी खाजवते आहे का. उत्तरे 'हो' असतील तर खरजेचा संशय घ्यावा लागतो, आणि खरूज ठरली तर त्रास नसलेल्यांसकट घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावायचे असते.