वर्गात तोंड न उघडण्यापासून मीटिंग चालवण्यापर्यंत : माझा अनुभव

अभ्यासात मी कधी मागे नव्हते, पण बोलायची वेळ आली की संपलं. उत्तर माहीत असायचं, हात अर्धा वर जायचा आणि परत खाली यायचा, मग तेच उत्तर दुसरं कुणीतरी द्यायचं आणि मी दिवसभर चरफडत बसायचे. कॉलेजला गेल्यावर तर अजूनच अवघड, तिथे सगळेच धडाधड बोलणारे, निदान मला तरी तसं वाटायचं. सल्ला मात्र सगळ्यांचा एकच, "जरा कॉन्फिडन्स ठेव गं". तो आणायचा कुठून हे कुणीच सांगत नाही!

मग काय, नेटवर जे सापडलं ते सगळं केलं. आरशासमोर उभं राहून स्वतःचं कौतुक करायचं, प्रेझेंटेशनच्या आधी कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटं ताठ उभं राहायचं वगैरे. हे हात ठेवून उभं राहण्याचं फॅड २०१० च्या एका अभ्यासामुळे पसरलं, त्यात म्हणे हार्मोन्सच बदलतात असं निघालं होतं. नंतर २०१५ मध्ये २०० लोकांवर तो प्रयोग परत केला तेव्हा लोकांना आपण पॉवरफुल आहोत असं वाटलं खरं, पण हार्मोन्समध्ये काही फरक दिसला नाही, आणि पुढच्याच वर्षी मूळ अभ्यासातल्या एका संशोधिकेनेच जाहीर करून टाकलं की आता माझा यावर विश्वास नाही. माझा तर तो सगळा जोश वर्गाच्या दारापर्यंतसुद्धा टिकायचा नाही.

गाडी रुळावर आली ती सायकॉलॉजीच्या मॅडममुळे. त्यांनी अल्बर्ट बंडुरा शिकवला. या माणसाने १९७७ मध्ये मांडलं की "हे काम मला जमेल" हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, स्वतः काम करून ते जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना बघणं, दुसऱ्यांनी दिलेला धीर, आणि आपल्या शरीरात जे चाललंय त्याचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात दमदार पहिलं. म्हणजे मी इतके दिवस उलटंच धरून बसले होते की आधी कॉन्फिडन्स येईल मग मी बोलेन. आणि हा विश्वास कामागणिक वेगळा असतो हेही मला फार पटलं, कारण गणितात मला कधीच भीती वाटली नाही, म्हणजे मी मुळातच भित्री आहे हे काही खरं नव्हतं.

मग सुरुवात एकदम बारीक केली. लेक्चरला जायच्या आधी एक प्रश्न वहीत लिहून न्यायचा आणि तो चक्क वाचून दाखवायचा, बस. पहिल्यांदा आवाज इतका चिरका निघाला की मला वाटलं आता वर्षभर हाच विषय चालणार. संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं तर तिला मी प्रश्न विचारला होता हेच आठवेना! यावरसुद्धा प्रयोग झालेला आहे, २००० साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा असलेला लाजिरवाणा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांचं लक्ष गेलं असेल, प्रत्यक्षात गेलं होतं साधारण पाव लोकांचं. तर सांगायचं काय की आपल्याला वाटतं तेवढं आपल्याकडे कुणी बघत नसतं.

प्रेझेंटेशनबद्दल फार सांगत नाही, एकच गोष्ट, पहिली दोन वाक्यं तोंडपाठ करायची, बाकीची नाही. सगळं पाठ केलं की मध्ये एक शब्द जरी निसटला तरी पूर्ण माळ ओघळते.

खरी मजा पुढे. विद्यार्थ्यांच्या एका कमिटीत मी सेक्रेटरी झाले, ते पण मिनिट्स, म्हणजे मीटिंगमध्ये काय झालं त्याची नोंद, लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. तिथल्या मीटिंगा म्हणजे नुसता गोंधळ, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि दोन तास बसून शेवटी ठरलं काय हे कुणालाच माहीत नाही. मी गप्प बसून लिहायचे, त्यामुळे कुठे अडतंय ते मला सगळ्यात स्पष्ट दिसायचं. त्याच दरम्यान हेन्री रॉबर्टबद्दल वाचलं. हा अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर. १८६३ च्या आसपास त्याला अचानक चर्चच्या एका सभेचं अध्यक्ष केलं, सभेचा पार विचका झाला, आणि बिचारा इतका ओशाळला की सभा कशा चालवतात याचाच अभ्यास करत बसला. १८७६ मध्ये त्याने सभेचे नियम छापले, ते आजही अनेक संस्था वापरतात.

मला हे वाचून भारी वाटलं, कारण त्याने आवाज चढवायची प्रॅक्टिस केली नाही, पद्धत शिकून घेतली. पुढच्या वर्षी अध्यक्षपद माझ्याकडे आलं तेव्हा मी पण तेच केलं. अजेंडा आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवायचा, एका वेळी एकच मुद्दा, ज्याचं बोलून झालंय त्याला परत संधी द्यायच्या आधी अजून न बोललेल्याला विचारायचं, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी कोण काय कधीपर्यंत करणार ते मोठ्याने वाचायचं. एक सिनियर दादा मध्ये मध्ये तोडायचा, त्याला "दादा, हे पुढच्या मुद्द्यात घेऊ" एवढं म्हटलं की झालं, भांडायची गरजच नाही, अजेंडा सगळ्यांच्या हातात असतोच. माझं तर स्पष्ट मत आहे की गप्प मुलं मीटिंग जास्त चांगली चालवतात, त्यांना ऐकायची सवय असते ना.

छाती धडधडते ती अजूनही. फक्त आता मी स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणत बसत नाही. २०१४ च्या एका अभ्यासात भाषणाआधी स्वतःला "मी एक्साइटेड आहे" म्हणणाऱ्यांचं भाषण "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरलं होतं, आणि ते मला लागू पडलं, धडधड तीच असते पण पळून जावंसं वाटत नाही.

सध्या आम्ही अध्यक्ष दर मीटिंगला बदलतो. या वेळी पहिल्या वर्षाच्या एका मुलाची पाळी आहे, तो म्हणाला ताई मला नाही जमणार, म्हटलं मुद्दे तीनच ठेव आणि पहिला असा घे की ज्यावर कुणाचं भांडण होणार नाही.