आडतीवरचा गुर्जी

माझं डी.एड. २०१२ साली झालं, आणि त्याच वर्षी राज्यात शिक्षकभरती थांबली. घरी बसून चालणार नव्हतं. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्या, लिहायला लागलो.

हमालांना माझं शिक्षण कळलं आणि मी 'गुर्जी' झालो. "गुर्जी, वीस कट्टे झाले, लिवा." शेतकरी आदरानं विचारायचे, "कोणत्या शाळेवर आहात?" मी काट्याकडं बोट दाखवलं की सगळी आडत हसायची, मीही हसायचो. सात वर्षं मला ती हाक पुरली. दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक इतकी, की रात्री झोपेतसुद्धा हमाली, तोलाई, उचल वजा करत राहायचो.

डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातली पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, तीत पास झालो. प्रमाणपत्राला तेव्हा सात वर्षांची मुदत होती. दर दिवाळीला एक वर्ष कमी झालेलं दिसायचं. भरतीचं नाव नाही.

मग डिसेंबर २०१७ ला शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आली. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. आमचे एक हमालकाका साधारण तेवढ्या वेळात कट्टा उचलून थप्पीला लावून परत यायचे. तेच माझं घड्याळ. काका परत आले की ओरडायचे, "गुर्जी, झालं का?" झालेलं नसलं तर दुसरा कट्टा जरा सावकाश उचलायचे. शेकडेवारीची गणितं मला सोपी गेली, रोज पट्टीवर तीच तर करत होतो.

पुढं पवित्र पोर्टल, शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. माहिती भरा, प्राधान्यक्रम द्या, लॉक करा. नव्या मुलांना सांगतो, लॉक करण्याआधी एकदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, आणि प्रिंट जपून ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या यादीत माझं नाव आलं. जिल्हा परिषदेची शाळा! काकांनी यार्डभर पेढे वाटले, तेही माझ्याच पैशांनी.

आडतीवर नऊ हजार मिळत होते. नव्या शिक्षकाला आधी शिक्षणसेवक म्हणून घेतात, त्याचं मानधन तेव्हा सहा हजार, तेही तीन वर्षं. आई म्हणाली, "नोकरी लागली अन् पगार कमी कसा रं झाला?" मी उत्तर दिलं नाही, नवा शर्ट घातला आणि निघालो.

तिसरीला वजनाचा धडा आला तेव्हा वर्गातच आडत मांडली. एक पोरगा मापाडी, दोघं हमाल, वाळू भरलेल्या पिशव्या म्हणजे सोयाबीन. मी आडत्या. पट्टी लिहिताना सवयीनं कडता, म्हणजे पोत्याच्या वजनाची कपात, धरला. समोरची शेतकरी झालेली पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सर, कडता कशाचा? पिशवी तर मी परत नेणार आहे."

मी पट्टी फाडली आणि नवी लिहिली. तिनं ती दोनदा वाचली, मगच सही केली.